उन्हाळ्याचं मैदान (प्रस्तावना)

सुरुवातीलाच एक घोळ मिटवलेला बरा. केडगाव म्हटलं की पुष्कळांना पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं, नारायण महाराजांचं बेट आठवतं. ते केडगाव दौंड तालुक्यातलं. हे पुस्तक ज्या केडगावातून निघतं ते नगरचं, पुण्याकडून येताना शहराच्या तोंडाशी लागणारं, रेणुकामातेचं केडगाव. आता ते महापालिकेच्या हद्दीत आहे. नवरात्रात मात्र देवीची वाट पूर्वीसारखीच भरते आणि संबळ-तुणतुण्यावर आराधी गाणी म्हणतात. नवरात्र संपलं की दसरा येतो. त्याच दिवशी महाराष्ट्रातले तमाशाचे फड हंगामासाठी बाहेर पडतात. दिवाळीपासून गावोगाव तिकिटावरचे तंबू उभे राहतात, आणि गुढीपाडव्यानंतर खरी घाई सुरू होते ती गावजत्रांच्या सुपाऱ्यांची. आज या गावात, उद्या त्या गावात, असं थेट बुद्धपौर्णिमेपर्यंत.

या पुस्तकाचा विषय आहे हा पाडव्यानंतरचा दीड-दोन महिन्यांचा काळ आणि त्यातलं उघड्यावरचं गाणं. त्यात तमाशाचा फड आहे आणि संगीत बारी आहे. लगीनसराईतले जागरण-गोंधळ, रामनवमीचा उरूस, 14 एप्रिलची भीमगीतं आणि सप्त्याचं कीर्तनही आहे. हे सगळं एका पुस्तकात का, असं कुणी विचारेल. माझं उत्तर सरळ आहे. ऐकणारा माणूस एकच आहे, मैदानही एकच आहे. लोककला, भक्तिसंगीत, आंबेडकरी गाणं, सुफी परंपरा हे वेगवेगळे कप्पे विद्यापीठांनी आणि पुरस्कार समित्यांनी केले. रात्री फडापुढे बसलेला शेतकरी दुसऱ्या आठवड्यात त्याच पारासमोर टाळ घेऊन उभा असतो. आपण काही विशेष करतो आहोत असं त्याला वाटत नाही.

उन्हाळ्यात उघड्यावर गाण्याची मालिका भरवायची ही कल्पना आज जगभर लोकप्रिय आहे. पीटर गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वोमॅड महोत्सव 1982च्या जुलैत इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेट इथे पहिल्यांदा भरला. 1985 साली त्याच महोत्सवात नुसरत फतेह अली खाँ गायले आणि कव्वाली हा प्रकार युरोपातल्या तरुण श्रोत्यांच्या कानांवर पडला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 1986 पासून उन्हाळी कार्यक्रम होतात. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव मात्र कुठल्या मैदानात ठरलं नाही. 1987च्या जूनमध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांची माणसं एकत्र बसली. आफ्रिकेतली, आशियातली, लॅटिन अमेरिकेतली गाणी दुकानात कोणत्या फळीवर ठेवायची हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्या व्यापारी सोयीतून पुढे अनेक कलावंतांचं भलं झालं, हे खरं. पण त्या फळीवर जायचं तर गाणं आपल्या गावातून उचलून न्यावं लागतं, आणि गावातल्या ज्या कारणासाठी ते गायलं जातं ते कारण मागेच राहतं. गावजत्रेत हे कारण हाकेच्या अंतरावर असतं. देवळात पालखी सजत असते आणि पन्नास पावलांवर हलगी शेकत असते.

हे सगळं उन्हाळ्यातच का? नगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला. ज्वारीची काढणी-मळणी झालेली असते, कडबा रचलेला असतो, शेतं मोकळी पडलेली असतात. माणसाला उसंत असते आणि फडाच्या ट्रकांना उभं राहायला जागा असते. पाऊस येण्याची भीती नसते. रात्री हवा बऱ्यापैकी गार होते. आणखी एक कारण आहे, ते वादकच सांगू शकतात. ढोलकी, हलगी, संबळ ही सगळी कातड्याची वाद्यं. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत ते ताणून राहतं. शाईच्या बाजूवर बोट पडलं की ढोलकी अशी वाजते की मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्यालाही प्रत्येक बोल सुटा ऐकू येतो. आमच्याकडचं उन्हाळी संगीत हवेने घडवलेलं आहे, या विधानात मला अतिशयोक्ती दिसत नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव मांडवातच होतो, पण डिसेंबरच्या थंडीत. तिथे तंबोरा आणि गळा यांना जपायचं असतं. इथे कातड्याचं राज्य.

ज्याने जत्रा पाहिलेली नाही त्याच्यासाठी तिचा क्रम सांगतो. पहिल्या दिवशी काठ्या-कावडी येतात, देवाला नैवेद्य होतो, शेरणी वाटली जाते. रात्री देवाचा छबिना निघतो. तो सुरू असतानाच फडाची माणसं स्टेज जोडत असतात. छबिना टेकला की गण. मग गौळण, तिच्यात पेंद्या आणि मावशी. मग बतावणी, रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग. एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. शहरी माणसाला माहीत नसते ती दुसऱ्या दिवशीची हजेरी.

सकाळी ऊन वर चढल्यावर तोच फड पुन्हा उभा राहतो. स्टेज नाही, दिवे नाहीत. देवळासमोर किंवा पारापाशी मोकळी जागा असते आणि भोवती माणसांचं कडं. रात्रीचा रंग तोंडावरून पुरता गेलेला नसतो, डोळे तांबारलेले असतात, घुंगरांवर धूळ बसलेली असते. ढोलकीवाला सावलीचा तुकडा बघून बसतो. हलगीवाल्याने कडब्याच्या चार काड्या पेटवून हलगी शेकून घेतलेली असते. मागचे झीलकरी बसक्या आवाजाने ओळ उचलतात. पुढे बसलेले म्हातारे फर्माईश करतात ती जुन्या लावणीची, कधी भेदिक कवनाची. बक्षीस देणाऱ्याचं नाव गावासकट पुकारलं जातं. दुपारी हेच मैदान कुस्त्यांच्या हगाम्याला द्यायचं असल्याने हजेरी ठरल्या वेळी आटोपते. रात्रीच्या झगमगाटात कलावंत झाकला जाऊ शकतो. सकाळच्या उन्हात नाही. कुणाचा गळा खरा, कुणाचा पाय खरा, ते हजेरीला कळतं. फडाची पारख करायची तर ती इथे करावी, असं माझं मत आहे.

आता थोडा इतिहास. मराठी शाहिरीचा बहर उत्तर पेशवाईतला. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही नावं शाळेच्या पुस्तकातूनही कानांवर पडतात. त्यांच्यातला अनंत फंदी (1744–1819) आमच्या संगमनेरचा. तमाशाचा फड गाजवणारा हा कवी पुढे कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाई होळकरांनी त्याला बोल लावला आणि त्याने डफ खाली ठेवला, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि आता जिल्ह्यालाच त्यांचं नाव मिळालेलं आहे. आख्यायिका खरी मानली तर एका नगरकरणीने एका नगरकराला फडातून कीर्तनात नेलं.

पुढे शंभरएक वर्षांनी तोच प्रवास दुसऱ्या एका माणसाने केला. केडगावपासून जवळच असलेल्या अकोळनेरला जन्मलेले गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे पोलीस खात्यात शिपाई होते, आणि लावण्या रचण्याचा, तमाशात रमण्याचा त्यांना नाद होता. साईबाबांच्या सहवासात त्यांनी नोकरी सोडली आणि दासगणू महाराज म्हणून कीर्तनाने महाराष्ट्र गाजवला. संतचरित्रं रचताना त्यांना शीघ्र कवित्वाची, श्रोत्यांना धरून ठेवण्याची, आख्यान रंगवण्याची जी हातोटी उपयोगी पडली ती फडावरचीच होती. फंदी आणि दासगणू या दोघांकडे पाहिलं की फड आणि कीर्तन यांच्यात भिंत होती असं म्हणवत नाही. फार तर उंबरठा होता, आणि तो ओलांडणाऱ्यांची ये-जा कायम चालू होती.

तमाशाचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलं. उमा-बाबू सावळजकरांच्या ‘मोहना बटाव’ने 1865 साली वगाला सुरुवात झाली आणि तमाशाला लांबलचक कथा मिळाली. स्त्रीभूमिका तोवर नाच्या पोऱ्या करत असे. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथल्या पवळा (1870–1939) फडावर उभ्या राहिल्या आणि हे चित्र पालटलं. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी मुंबईच्या थिएटरांत गाजली. ब्राह्मण कुळकर्णी आणि महार समाजातली कलावतीण एका फडात, हे त्या काळच्या समाजाला किती झोंबलं असेल याची कल्पना आजही करता येते. विसाव्या शतकात भाऊ-बापू मांग नारायणगावकर, त्यांच्या घरातल्या विठाबाई, दत्ता महाडिक, काळू-बाळू, पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे चंद्रकांत ढवळपुरीकर, संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर अशी मोठी परंपरा उभी राहिली. विठाबाईंना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. त्यांचा शेवट मात्र हलाखीत झाला. 2002 मध्ये त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि त्याचा पहिला मान कांताबाईंना मिळाला. मेल्यावर नाव देण्यात आपण तत्पर असतो.

नवख्या वाचकाने इथे एक फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण वर्तमानपत्रंसुद्धा तो सर्रास विसरतात. ढोलकी फडाचा तमाशा वेगळा आणि संगीत बारी वेगळी. फड फिरता असतो. ट्रक, तंबू, पन्नास-शंभर माणसांचा संसार, सोंगाड्या आणि वग हे त्याचं अंग. बारी कला केंद्रांत बसते. तिथे चार-सहा बायकांची पार्टी, पेटी, तबला-ढोलकी आणि बैठकीची अदा असते, वग नसतो. जामखेडची कला केंद्रं या बारीसाठी प्रसिद्ध आहेत. बारीतली लावणी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हटली जाते, फडावरची मैदानाच्या टोकावर नजर ठेवून. दोन्हींची गायकी त्यामुळे वेगळी घडली. यमुनाबाई वाईकरांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली ती बारीच्या परंपरेला मिळालेली दाद होती.

याच मोसमात बाकीचे प्रवाहही मैदानात उतरलेले असतात. शिर्डीत 1897 पासून रामनवमीलाच उरूस भरू लागला आणि 1912 पासून त्याच दिवशी रामजन्माचा उत्सवही सुरू झाला. संदल आणि पाळणा एकाच गावात, एकाच तिथीला. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते आणि भटक्या समाजांची गाणी तिथे एकत्र येतात. श्रीगोंद्याला शेख महंमदांची परंपरा आहे, मुसलमान घरात जन्मून वारकऱ्यांच्या वाटेने गेलेल्या संतकवीची. 14 एप्रिलला वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे सामने रंगतात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत पार्ट्यांना उसंत नसते. शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) या परंपरेतलं सगळ्यांत मोठं नाव. भीमगीतांनी कव्वालीचा ठेका घेतला, सवाल-जवाब फडावरून घेतले. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाल्या आल्या आणि लोकांनी त्या तिन्हींवर सारखंच प्रेम केलं. मैदान एक असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आणि मग मेहेराबाद. केडगावच्या पुढे दौंड रस्त्याने गेलं की अरणगाव लागतं, मेहेराबाद तिथलंच. तिथे 1923 साली मेहेरबाबांनी मुक्काम केला, 10 जुलै 1925 पासून मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. स्वतः न बोलणाऱ्या या माणसाला गाण्याची विलक्षण ओढ होती. कव्वालांच्या आणि भजन गाणाऱ्यांच्या बैठकी त्यांच्यापुढे होत. ब्रिटिश बँड ‘द हू’चे पीट टाउन्शेंड त्यांचे अनुयायी. 1971च्या ‘बाबा ओ’रायली’ या त्यांच्या गाण्याच्या नावातले बाबा हेच. बॉबी मॅकफेरिन यांच्या 1988 मधल्या जगभर गाजलेल्या ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ या गाण्याचे हे शब्दही मेहेरबाबांच्या छायाचित्राखाली छापल्या जाणाऱ्या वचनातून आलेले. दरवर्षी जानेवारीअखेर अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, अरणगावच्या माळावर मांडव पडतो आणि अनेक देशांतले, अनेक भाषांतले लोक आपापली गाणी म्हणतात. जागतिक संगीताचा खुल्या आभाळाखालचा मेळावा म्हणावा तर तो केडगावच्या शेजारी इतकी वर्षं भरतो आहे, कुणी तिकीट न लावता. गंमत अशी की मार्चच्या मध्यात ऊन तापलं की तिथली परदेशी पाहुण्यांची वर्दळ थांबते, पुन्हा सुरू होते ती पाऊस आल्यावर. नेमक्या त्या मधल्या तीन महिन्यांत आसपासच्या गावांत फड उभे राहतात. दोन्ही मेळ्यांनी एकमेकांना जवळजवळ पाहिलेलंच नाही. या पुस्तकाने त्यांना निदान कागदावर शेजारी बसवलं आहे.

आज हे पुस्तक का हवं, याचं कारण दुखरं आहे. जत्रांचे करार होतात ते मुख्यतः नारायणगावला. पाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यालगत फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येतात, तारीख आणि सुपारी ठरते. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमीच्या तारखांना भाव चढतो. याच कमाईवर पुढचे पावसाळ्याचे महिने निघतात. कलावंतांना हंगामाआधी दिलेली उचल फिटते ती यातूनच. 2020 साली टाळेबंदीचा पहिला दिवस, 25 मार्च, हा नेमका गुढीपाडवा होता. तो हंगाम बुडाला आणि पुढचाही बुडाला. काही फड त्यानंतर उभेच राहिले नाहीत. जे राहिले त्यांच्यापुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आहे, ज्यात सरकार वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकतं. झोपेचा हक्क सगळ्यांना आहे, नियम चुकीचा नाही. पण छबिना टेकल्यावर सुरू होणाऱ्या फडाला दहाची वेळ पाळायची म्हणजे वगावरच कात्री चालवावी लागते. तशी ती चाललीही आहे. पुष्कळ ठिकाणी गण-गौळण उरकली जाते आणि मग सिनेमाच्या गाण्यांचा रतीब सुरू होतो. वग ऐकायला थांबणारे पांगलेले असतात, आणि पांगले म्हणून वग गाळला जातो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही कला पिढ्यान् पिढ्या जगवली ती मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी समाजांतल्या स्त्री-पुरुषांनी. जत्रेच्या रात्री गावाने त्यांना डोक्यावर घेतलं आणि सकाळी वेशीबाहेर उतरवलं. लोककलेचं कौतुक करणारी पुस्तकं हा भाग हळूच गाळतात. हे पुस्तक गाळत नाही, ही त्याची मला सगळ्यांत आवडलेली बाजू. फडमालक, ढोलकीवाला, ट्रकचा चालक, स्वयंपाकी, यात्रा कमिटीचा खजिनदार आणि गाणारी बाई या सगळ्यांना इथे सारख्याच गांभीर्याने ऐकलं आहे. कार्यक्रम म्हणजे फक्त स्टेजवर दिसतं ते नव्हे, हे त्यातून कळतं.

पुस्तकाचा हेतू कोशाचा नाही. एका जिल्ह्याचं एक मैदान, एका ऋतूत, सगळ्या आवाजांसकट पाहण्याचा हा प्रयत्न आहे. कोकणातला दशावतार, विदर्भातली खडी गंमत, गोव्यातला शिगमो यांना ते हात घालत नाही, आणि तेच शहाणपणाचं आहे. उणिवाही आहेत. जामखेडच्या बारीवर अजून लिहायला हवं होतं. ढोलकीच्या बोलांची नोंद एखाद्या जाणत्या वादकाच्या मदतीने पुढच्या आवृत्तीत तरी सविस्तर व्हावी. कीर्तनावरच्या भागात लेखणी थोडी भाविक झाली आहे आणि फडावरच्या भागात थोडी रागीट. मला दुसरीचं वावडं नाही.

वाचकाला एक विनंती. तुमच्या गावच्या यात्रा कमिटीकडे जुन्या जमाखर्चाच्या वह्या असतील, फडांशी झालेले करारनामे, जत्रेची हँडबिलं, हजेरीच्या कुणी भरून ठेवलेल्या कॅसेटी असतील. यातलं काहीही रद्दीत जाऊ देऊ नका. गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात त्यांची एक पेटी करून ठेवा आणि तीत काय काय आहे याची यादी वर चिकटवा. कोणत्या साली कोणता फड आला, किती सुपारी ठरली, बक्षीस कुणी दिलं, एवढं जरी कळलं तरी या विषयावरचं पुढचं पुस्तक यापेक्षा चांगलं होईल.